बीजिंगच्या या शाही बागेत जाऊन सगळे फोटो काढतात, पण त्या फोटोत मूळ बाग नसतेच

बीजिंगच्या मेट्रोची चार नंबरची लाइन धरायची, शहराच्या वायव्येला ‘युआनमिंगयुआन पार्क’ या स्टेशनवर उतरायचं, तिकीट काढायचं आणि गर्दी जाईल तिकडे चालत राहायचं. थोड्या वेळाने समोर पडलेले पांढरे दगडी खांब येतात. तुटलेल्या कमानी, दगडात कोरलेली द्राक्षं आणि शिंपले, अर्धवट उभी असलेली एक चौकट. इथं प्रत्येकजण थांबतो आणि फोटो काढतो. इंटरनेटवर या बागेचं नाव टाकलं की हाच फोटो येतो. चिनी शाळांच्या पुस्तकांतही हेच चित्र असतं.

आता फोटो जरा निरखून बघा. हे खांब चिनी वाटतात का? ते रोमच्या एखाद्या चौकातले असावेत असे दिसतात. कारण त्यांचा आराखडाच मुळी एका इटालियन माणसाने काढलेला आहे. इमारतींचा हा युरोपीय भाग पूर्ण बागेच्या सुमारे दोन टक्के जागेत होता. उरलेली ९८ टक्के बाग, म्हणजे जी खरी चिनी सम्राटांची बाग होती, ती फोटोत येत नाही. कारण ती जळाली. आणि ती जळाली त्या गोष्टीत मुंबईचं बंदरही येतं, पंजाबी पलटणही येते आणि हिमाचलमधलं एक थडगंही येतं.

आधी एक गोंधळ मिटवू. बीजिंगला जाणाऱ्या टूर कंपन्या ‘समर पॅलेस’ दाखवतात तो वेगळा. त्याचं नाव यिहेयुआन. तिथे मोठा तलाव, रंगवलेली लांबच लांब पडवी आणि संगमरवरी नौका आहे. आपण बोलतोय ते त्याच्या शेजारच्या युआनमिंगयुआनबद्दल, ज्याला ‘ओल्ड समर पॅलेस’ म्हणतात. ‘समर पॅलेस’ हे नावही तसं फसवंच. सम्राट इथे फक्त उन्हाळ्यात येत नसत. शहराच्या मधोमध असलेल्या ‘फॉरबिडन सिटी’त सम्राट राहायचे असं आपण समजतो, पण छिंग घराण्याचे पाच सम्राट वर्षातला मोठा काळ या बागेत राहिले. दरबार इथे भरायचा आणि फायलींचा निपटाराही इथेच व्हायचा.

बागेची सुरुवात १७०७ मध्ये झाली. सम्राट कांगशीने आपल्या चौथ्या मुलाला इथली जमीन दिली. हा मुलगा पुढे योंगझेंग नावाने गादीवर बसला आणि त्याने बाग वाढवायला घेतली. त्याचा मुलगा छिएनलोंग १७३५ ला सम्राट झाला आणि त्याने तर हात सैलच सोडला. शेवटी एकमेकींना लागून तीन बागा झाल्या, मिळून सुमारे ३५० हेक्टर. फॉरबिडन सिटी साधारण ७२ हेक्टरची आहे. म्हणजे तसे जवळपास पाच राजवाडे या बागेत मावले असते.

मुळात ही जागा सपाट आणि पाणथळ. मजुरांनी तळी खोदली, त्या मातीच्या टेकड्या केल्या, टेकड्यांआड घरं लपवली आणि सगळं पाण्याने जोडलं. एका ठिकाणी उभं राहून पूर्ण बाग दिसणार नाही, हीच यातली युक्ती होती. टेकडीला वळसा घातला की नवा देखावा. छिएनलोंगने अशा ४० देखाव्यांची रेशमावर चित्रं काढून घेतली, ती १७४४ मध्ये पूर्ण झाली. बाग कशी दिसायची हे आज आपल्याला मुख्यतः या चित्रांवरून कळतं. ती चित्रं मात्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. का, ते पुढे येईलच.

युरोपला ही बाग कळली ती एका पत्रामुळे. झाँ-डेनी आतिरे नावाचा फ्रेंच जेझुइट छिएनलोंगच्या दरबारी चित्रकार म्हणून काम करायचा. चित्रं काढायची म्हणून त्याला बागेत सगळीकडे जाता यायचं, जे भल्याभल्या परदेशी वकिलांना शक्य नव्हतं. १७४३ मध्ये त्याने पॅरिसला लांबलचक पत्र लिहिलं. त्या काळच्या फ्रेंच बागा म्हणजे पट्टीने आखल्यासारख्या. सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना सारखी झाडं. आतिरेने लिहिलं की इथे सरळ रेष सापडतच नाही. वाटा वळणावळणाच्या, पूल नागमोडी, आणि एक घर दुसऱ्यासारखं नाही. हे पत्र १७४९ मध्ये छापलं गेलं, तीन वर्षांत इंग्रजीत आलं आणि तिकडे चिनी धाटणीच्या बागांची टूम निघाली. लंडनच्या क्यू गार्डनमधला उंच पॅगोडा १७६२ चा, त्याच हवेतला.

या पत्रातली सगळ्यात मजेशीर गोष्ट म्हणजे बागेतलं खोटं गाव. सम्राटाला सामान्य माणसासारखं बाजारात फिरता येत नसे. म्हणून बागेत छोटं शहरच बांधलं होतं. त्यात दुकानं, चहाची घरं आणि गल्ल्या होत्या. ठरलेल्या दिवशी महालातले खोजे वेश बदलून दुकानदार, फेरीवाले, हमाल व्हायचे. घासाघीस चालायची, भांडणं लागायची. काहीजणांना तर चोराचं काम दिलेलं असायचं. ते खिसे कापायचे, पकडले जायचे आणि त्यांना शिक्षाही व्हायची. कोट्यवधी लोकांचा मालक असलेला माणूस गर्दीत धक्के खायची हौस अशी भागवायचा.

बागेचा पश्चिम भाग भारतीय माणसाने मुद्दाम बघावा असा आहे. तिथे पाण्यात स्वस्तिकाच्या आकाराचं घर होतं, ३३ खोल्यांचं. स्वस्तिकाचं चिन्ह बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमध्ये गेलं. या आकारामुळे ऊन आणि वारा कुठल्याही दिशेने आला तरी घराचा एखादा भाग सुखाचा असायचाच, आणि योंगझेंगला हे घर फार आवडायचं. आज तिथे पाण्यातून वर आलेला दगडी जोत्याचा स्वस्तिक तेवढा दिसतो. जवळच तटबंदी असलेलं एक छोटं नगर होतं. त्याला श्रावस्तीचं नाव दिलेलं होतं. श्रावस्ती म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातली, बुद्धाने जिथे अनेक पावसाळे काढले ती कोसल देशाची राजधानी. सम्राटाला भेट आलेल्या बुद्धमूर्ती तिथे ठेवल्या जायच्या. त्या नगराच्या मातीच्या भिंतींचे तुकडे अजून उभे आहेत.

याशिवाय सम्राटाला शेतीची आठवण राहावी म्हणून भाताची खाचरं होती, दक्षिणेतल्या सुझोउ आणि हांगझोउ शहरांतल्या नावाजलेल्या बागांच्या प्रतिकृती होत्या, आणि एक ग्रंथालय होतं. छिएनलोंगने चिनी भाषेतले महत्त्वाचे ग्रंथ गोळा करून त्यांचा महासंग्रह करवला होता. एका संचात ३६ हजारांहून जास्त खंड, सगळे हाताने लिहिलेले. असे फक्त सात संच तयार झाले आणि त्यातला एक या बागेत होता.

मग ते युरोपीय खांब कुठून आले? छिएनलोंगने एकदा युरोपीय कारंज्याचं चित्र पाहिलं आणि त्याला ते हवंच झालं. दरबारात ज्युसेप्पे कास्तिल्योने हा इटालियन जेझुइट चित्रकार होता. इमारतींचं काम त्याच्याकडे गेलं. कारंज्यांचं काम मिशेल बेन्वा या फ्रेंच धर्मगुरूच्या गळ्यात पडलं. बेन्वा गणिती होता, कारंजी हा त्याचा धंदा नव्हता. पण सम्राटाला नाही कोण म्हणणार? १७४७ च्या सुमारास काम सुरू झालं. युरोपीय राजे चिनी पद्धतीचे मंडप बांधत होते आणि चिनी सम्राट युरोपीय पद्धतीचे महाल. दोघांनाही दुसऱ्याच्या घरातलं सामान जास्त आवडत होतं.

यातलं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे पाण्याचं घड्याळ. आपल्याकडे जसे दिवसाचे आठ प्रहर, तसे चीनमध्ये बारा भाग मानत. प्रत्येक भाग दोन तासांचा आणि त्याला राशीतला एक प्राणी. म्हणून बारा मूर्ती बसवल्या, धड दगडाचं माणसाचं आणि डोकं काशाचं प्राण्याचं. उंदराच्या वेळेला उंदराच्या तोंडातून पाणी, बैलाच्या वेळेला बैलाच्या. बरोबर दुपारी बारा वाजता बाराही तोंडांतून एकदम पाणी उडायचं. ही बारा डोकी लक्षात ठेवा.

१७९३ मध्ये इंग्लंडचा वकील लॉर्ड मॅकार्टनी चीनमध्ये आला. व्यापारासाठी जास्त बंदरं उघडा ही मागणी आणि सोबत ढीगभर भेटवस्तू. आकाशातल्या ग्रहांची हालचाल दाखवणारं यंत्र, झुंबरं, घड्याळं आणि दोन तोफा. मोठ्या वस्तू याच बागेत मांडल्या गेल्या. छिएनलोंगने मागण्या नाकारल्या आणि आम्हाला तुमच्या वस्तूंची गरज नाही असं कळवून वकिलाला परत पाठवलं. त्या तोफांचं पुढे काय झालं ते सांगण्यासारखं आहे, पण त्याआधी अफू.

इंग्रजांना चीनचा चहा हवा होता, पण चीनला इंग्रजांकडून विशेष काही नको होतं. चांदी मोजून मोजून इंग्रज थकले आणि त्यांनी भारतातली अफू चीनमध्ये उतरवायला सुरुवात केली. बिहार आणि बनारस भागातली अफू कलकत्त्याहून जायची. माळव्यातली, म्हणजे मुख्यतः शिंदे-होळकरांच्या मुलखातली, अफू मुंबईहून जायची. मुंबईच्या कितीतरी व्यापाऱ्यांचं भांडवल या धंद्यातून उभं राहिलं. जे. जे. हॉस्पिटल आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ज्यांच्या नावाने आहे त्या सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीतही कापसाबरोबर चीनच्या अफूचा मोठा वाटा होता. चीनने अफू अडवली तेव्हा १८३९ मध्ये पहिलं अफूयुद्ध झालं. चीन हरला, हाँगकाँग गेलं.

दुसरं युद्ध १८५६ मध्ये सुरू झालं, या वेळी फ्रान्स इंग्लंडच्या बाजूने उतरला. इंग्लंडने लॉर्ड एल्गिनला पाठवलं. तो वाटेत असतानाच भारतात १८५७ चा उठाव झाला आणि चीनसाठी निघालेलं सैन्य कलकत्त्याकडे वळवावं लागलं. म्हणजे आपल्या ५७ च्या उठावामुळे चीनवरचा हल्ला काही काळ लांबला. पुढे १८६० मध्ये मोठी फौज चीनच्या किनाऱ्यावर उतरली. त्यात प्रोबिन आणि फेन यांचे शीख-पंजाबी घोडेस्वार होते, पंजाबी पायदळ होतं. किनाऱ्यावरचे किल्ले ऑगस्टमध्ये पडले.

सप्टेंबरमध्ये बोलणी चालू असताना, पांढरं निशाण घेऊन गेलेल्या इंग्रज-फ्रेंच पथकाला चिनी अधिकाऱ्यांनी कैद केलं. पस्तीसहून जास्त माणसं, त्यात शीख स्वारही होते आणि लंडनच्या ‘टाइम्स’चा वार्ताहरही. त्यातले जवळपास निम्मे कैदेत हाल होऊन मेले. चिनी बाजूने ही गोष्ट सांगताना हा भाग बऱ्याचदा गाळला जातो. इंग्रज बाजूने सांगताना हे सैन्य तिथे मुळात कशासाठी गेलं होतं तो भाग.

सम्राट शियानफेंग बाग सोडून उत्तरेला पळाला. ६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी फ्रेंच सैन्य बागेच्या दारात पोहोचलं आणि दुसऱ्या दिवसापासून लूट सुरू झाली. मागून इंग्रजही आले. सैनिकांनी रेशमाचे गठ्ठे दोरीसारखे वापरून सामान बांधलं. जे नेता येईना ते फोडलं. इंग्रजांनी आपल्याकडच्या लुटीचा छावणीतच लिलाव केला आणि पैसे हुद्द्याप्रमाणे वाटले. साध्या शिपायाच्या वाट्याला सुमारे ४ पौंड आले. महालात सापडलेलं एक पेकिनीज कुत्रं थेट व्हिक्टोरिया राणीकडे गेलं. तिथे त्याचं नाव ठेवलं गेलं ‘लूटी’. हा शब्द आपल्या ‘लूट’वरूनच इंग्रजीत गेलेला. फ्रेंचांनी आपला वाटा सम्राज्ञी यूजेनीला पाठवला, तो फाँतेनब्लोच्या महालात आहे. मॅकार्टनीने आणलेल्या तोफाही तिथे तशाच पडलेल्या सापडल्या. एकदाही न वापरलेल्या त्या तोफा इंग्रजांनी परत नेल्या.

बाग जाळली ती लुटीच्या भरात नव्हे. ती दहा दिवसांनी जाळली, लेखी हुकूम काढून. कैद्यांचे मृतदेह परत आल्यावर एल्गिनने ठरवलं की सम्राटाला व्यक्तिशः शिक्षा व्हायला हवी. जास्त दंड लावला तर तो रयतेच्या डोक्यावर बसेल, शहर जाळलं तर सामान्य लोक मरतील, म्हणून सम्राटाची आवडती जागा जाळायची, असा त्याचा हिशेब होता. शिवाय काही कैद्यांना याच बागेत ठेवलं होतं. फ्रेंचांनी लूट केली होती, पण जाळायला ते तयार झाले नाहीत. १८ आणि १९ ऑक्टोबरला इंग्रजांच्या साडेतीन-चार हजार सैनिकांनी ठरवून, विभागून, इमारतीमागून इमारत पेटवली. त्यात पंजाबी पलटणीतले शिपाईही होते. बीजिंगवर धुराचा ढग आला. बागेचा कारभार पाहणारा अधिकारी वेनफेंग याने लूट सुरू झाली तेव्हाच तळ्यात जीव दिला होता. छत्तीस हजार खंडांचं ग्रंथालयही या आगीत गेलं.

२४ ऑक्टोबरला करार झाला. चीनने दोघांना प्रत्येकी ८० लाख तैल चांदी दिली, इंग्रजांना हाँगकाँगसमोरचं कौलून मिळालं. शियानफेंग पुढच्या वर्षी उत्तरेतच मेला, बीजिंगला परत आला नाही. एल्गिनला बढती मिळाली. तो १८६२ मध्ये भारताचा व्हाइसरॉय झाला आणि पुढच्या वर्षी धरमशाला इथे वारला. मॅक्लिओडगंजला जाताना देवदारांच्या झाडीत जे जुनं दगडी चर्च लागतं, त्याच्या आवारात त्याचं थडगं आहे. याच एल्गिनच्या वडिलांनी अथेन्सहून पार्थेनॉनची शिल्पं लंडनला नेली होती.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. चिनी इमारती लाकडाच्या. खांब, तुळया, छप्पर सगळं लाकूड. त्या जळाल्यावर उरलं फक्त जोतं. युरोपीय महाल दगडाचे, म्हणून त्यांचे खांब राहिले. परकीयांनी केलेल्या विध्वंसाची खूण म्हणून चीन आज जे अवशेष दाखवतो, त्यांची घडण परकीय आहे.

पण सगळं काही एल्गिनने संपवलं असंही नाही. आगीतून काही इमारती वाचल्या होत्या. १८७४ च्या आसपास बाग पुन्हा बांधायचा प्रयत्न पैशाअभावी सोडावा लागला. १९०० मध्ये बॉक्सर बंडाच्या धामधुमीत उरलेलं लाकूड आणि झाडं लोकांनीच तोडून नेली. पुढे लष्करी सरदारांनी गाड्या भरभरून दगड आपल्या वाड्यांसाठी नेले. तळ्यांच्या जागी भातशेती झाली, लोक घरं बांधून राहिले. १९८८ मध्ये ही जागा सर्वांसाठी खुली झाली. अख्ख्या बागेतली फक्त एकच वास्तू बऱ्यापैकी मूळ रूपात टिकली, ती म्हणजे झेंगजुए मंदिर.

जॅकी चॅनचा २०१२ चा ‘चायनीज झोडियाक’ पाहिला असेल, तर ती बारा डोकी आठवतील. २००० मध्ये हाँगकाँगच्या लिलावात बैल, वाघ आणि माकड आले. चीनच्या सरकारी पॉली ग्रुपने ते विकत घेतले. डुक्कर आणि घोडा मकाऊचे कॅसिनोसम्राट स्टॅन्ली हो यांनी घेऊन चीनला दिले. घोड्यासाठी त्यांनी २००७ मध्ये ६ कोटी ९१ लाख हाँगकाँग डॉलर मोजले. खरी धमाल झाली २००९ मध्ये पॅरिसला. फॅशन डिझायनर ईव्ह सेंट लॉरां यांच्या संग्रहातले उंदीर आणि ससा लिलावात प्रत्येकी सुमारे १ कोटी ५७ लाख युरोंना गेले. बोली लावणारा काय मिंगचाओ हा चिनी व्यापारी नंतर म्हणाला, पैसे देणार नाही, बोली देशासाठी लावली होती. शेवटी २०१३ मध्ये फ्रान्सच्या पिनो कुटुंबाने ती दोन्ही डोकी चीनला भेट दिली. सात परत आली. साप, बोकड, कोंबडा, कुत्रा आणि ड्रॅगन अजून आलेले नाहीत. आलेल्यांपैकी मूळ बागेत पहिल्यांदा परतलं ते घोड्याचं डोकं, डिसेंबर २०२० मध्ये.

चित्रकार आय वेईवेई यांनी या सगळ्यावर बोट ठेवलं होतं. युरोपीय माणसाने आखलेली, मांचू सम्राटासाठी ओतलेली ही डोकी राष्ट्राचा खजिना कशी, असा त्यांचा सवाल. सवाल बोचरा आहे, पण अर्धाच. वस्तू कुणी घडवली यापेक्षा ती कशी नेली गेली हा इथला मुद्दा आहे, आणि त्या बाजूने बघितलं तर ती नक्कीच परत यायला हवीत. फक्त सगळा प्रकाश डोक्यांवर पडल्यामुळे जळालेलं ग्रंथालय मात्र कुणाला आठवत नाही.

बाग पुन्हा बांधावी का, यावर चीनमध्ये अनेक वर्षं वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, पुढच्या पिढीला वैभव दिसू दे. दुसरी म्हणते, नवं लाकूड उभं केलं की तो चित्रपटाचा सेट होईल. झेजियांग प्रांतात हेंगदियान इथे अशी प्रतिकृती खरोखर उभी केलेली आहे. मूळ जागी अवशेष तसेच ठेवून तळी आणि टेकड्या दुरुस्त करायच्या, असा सध्याचा मार्ग आहे. तोही बिनवादाचा नाही. २००५ मध्ये पाणी मुरू नये म्हणून तळ्यांच्या तळाशी प्लास्टिकचा थर घातला गेला, तेव्हा पर्यावरणाच्या मुद्द्यावर एवढा आरडाओरडा झाला की सरकारी पर्यावरण खात्याला जाहीर सुनावणी घ्यावी लागली. चीनमध्ये असं क्वचितच घडतं.

जायचंच असेल तर जुलै चांगला, तेव्हा तळी कमळांनी भरलेली असतात, फक्त उकाडा सोसावा लागतो. खांबांचे फोटो काढा, शेजारी पुन्हा बांधलेला चक्रव्यूह आहे तोही बघा, पण नंतर पश्चिमेकडे चालायला लागा. अंतर बरंच आहे आणि गर्दी मागे राहते. स्वस्तिकाचं जोतं तिकडे आहे. झेंगजुए मंदिरही चुकवू नका, नॉर्वेतल्या बर्गेनच्या संग्रहालयाने परत केलेले संगमरवरी खांब २०२३ मध्ये तिथे मांडले गेले.

बागेतून बाहेर पडल्यावर शेजारीच पेकिंग विद्यापीठ आहे. तिथे पश्चिम दरवाजातून आत गेलं की हिरवळीवर ढग आणि ड्रॅगन कोरलेले दोन उंच संगमरवरी खांब दिसतात. हे याच बागेतले, विसाव्या शतकात तिथे हलवलेले. नीट पाहिलं तर एक खांब थोडा जाड आहे आणि दुसरा थोडा बारीक. कारण बागेतून अशा दोन जोड्या हलवताना खांबांची अदलाबदल झाली. उरलेली विजोड जोडी राष्ट्रीय ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीसमोर उभी आहे.